बिमारी नसती तं विमा कायले?

नाही, तुम्हीच सांगा मले, बिमारी नसती तं मी विमा कायले मांगला असता? साधी गोष्ट आहे का नाही? एखाद्याले तहान लागली, तो प्याऊवर गेला, अन् प्याऊवाला म्हणते, "काका, तुम्हाले तं आधीपासूनची तहान दिसते, तुम्हाले पाणी नाही भेटणार, ज्याले तहान नाही त्याले पाठवा!"... असं कुठं असते का गा? मलेही वाटे नसते. पण असते! विम्यात असंच असते. हात जोडून सांगतो, असंच असते.

आता तुम्ही बसलेच आहा तं पहिल्यापासून सांगतो, मले घाई नाही, तुम्हाले असली तं निघा, मी मनावर घेत नाही... नाही? बसता? बसा, बसा. मी रुपराव. प्रताप नगरात माझी आटाचक्की होती. होती म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतच होती, मागच्या खोलीत मी, गोपिका अन् पोरगा. मी शाळेत गेलो नाही, पण डब्यावरून माणूस ओळखो. झाकणाले पोचा पडलेला डबा जोशीबाईचा, दोरी बांधलेला शेख मास्तरचा. अन् चक्कीवर कसं असते, दळण होईपर्यंत माणूस जाते कुठं? उभं राहते. उभं राहिलं का बोलते. अन् चक्कीच्या आवाजात बोलायचं तं जोरानं बोला लागते, म्हणून साऱ्या मोहल्ल्याच्या घरातल्या गोष्टी मले ओरडून सांगितलेल्या आहेत! कोणाच्या पोरीले स्थळ आलं, कोणाचा दीर वेगळा निघाला... सगळं. मंग निघाल्या आट्याच्या थैल्या. लोक दुकानातून थैली आणू लागले. डबे बंद झाले, डब्यांसंग माणसं बंद झाली, मंग मी चक्की बंद केली. पोरगा अमोल हैदराबादले नोकरीले गेला. अन् गोपिका... गोपिका एक दिवस भाकरी थापता थापता बसली, ते बसलीच. दवाखान्याची पायरी न चढता गेली बिचारी. पहा, माझ्या हृदयात डॉक्टरनं बसवलेली जाळी, मले शुगर, आट्याच्या धुळीचा खोकला वेगळा, सगळं सामान माझ्याजवळ, अन् गेली कोण? जिले काहीच नव्हतं ते!

तं आता घरात मी एकटा. अन् अमोलच्या कंपनीत मायबापाचा विमा होता, तो कंपनीनं काढून टाकला. काहून काढला? "पॉलिसी बदलली बाबा." झालं. मंग त्याचा फोन. "बाबा, विमा नसताना तुम्हाले मी एकटं नाही राहू देत. तिकडे काही झालं तं? एक तं नवीन पॉलिसी निघाली पाहिजे, नाही तं घर भाड्यानं देऊ अन् तुम्ही इकडे या." मागून सूनबाई, भावना तिचं नाव, ते म्हणे, "हो बाबा, या ना, तुमच्यासाठी खोली रिकामीच आहे." पोरगी गुणाची आहे, काही खोट नाही.

पण मी तिथं राहून आलो ना! गोपिका गेल्यावर राहून आलो. पोटात गोळा येईल इतक्या वरच्या माळ्यावर घर. दोघंही सकाळपासून कानाले ते लावून कंपुटरसमोर बसतात. अन् दार? दार वाजतच नाही! वाजलं तं दाराबाहेर एक पुडकं. आणणारा माणूस कुठं गेला म्हणून मी धावत जाओ, "अरे बेटा, पाणी तं पिऊन जा!"... तं तो पुडक्याचा फोटो काढून लिफ्टमधी! लिफ्टचं दार बंद होताना त्याचा अर्धा खांदा दिसे मले. तेवढाच माणूस. इथं कमीत कमी गल्लीत निघालो तं कुत्रं ओळखते गा! कोणी म्हणते, "काय रुपरावजी, कसे आहा?" उत्तर आयकाले थांबत नाही, पण म्हणते. म्हणून मी ठरवलं, काही झालं तरी पॉलिसी काढायची अन् आपल्या घरात राहायचं. पॉलिसी निघाली तं नागपूर, नाही निघाली तं ते लिफ्ट!

तं गेलो. धरमपेठेत पियुष म्हणून एजंट आहे, त्याचं ऑफिस काचेचं, आत एसी असा का मले स्वेटरची आठवण आली. काय त्याचं स्वागत बाप्पा! "या काका, बसा काका, ऊन फार आहे ना काका!" पाणी आलं. मागं पोरीले आवाज दिला, "काकांसाठी चहा सांग!" अन् पेन उघडून लिहून राहिला, नाव, पत्ता, सगळं कसं पळून राहिलं होतं. तेवढ्यात ते पोरगी विचारते, "काका, साखर किती?" मी म्हटलं, "बिनासाखरेचा दे बेटा, मले शुगर आहे."

पेन थांबलं!

मी सांगतो, असं पेन थांबलेलं मी जन्मात पाहिलं नाही. त्यानं हळूच वर पाहिलं. "शुगर आहे?" हाव. "अजून काही?" आता विचारलं तं सांगा लागते ना, मी म्हटलं, "हृदयात जाळी आहे, अन् थोडा खोकला..." तं त्यानं पेनाचं टोपण लावलं. टिक्! अन् तो चहा? तो आलाच नाही! साखरेचाही नाही, बिनासाखरेचाही नाही. आता म्हणे, "काका, कंपनीले काय असते, निरोगी माणूस पाहिजे असते." मी म्हटलं, अरे बेटा, निरोगी माणूस तुझ्या ऑफिसात येईल कायले? तो सिनेमाले जाईल! बिमारी नसती तं मी विमा कायले मांगला असता?

मंग तो खुर्ची पुढं ओढून, आवाज बारीक करून म्हणते, "काका, एक करता येते. लिहायचंच नाही. शुगर नाही, जाळी नाही, काही नाही. कोण पाहायले येते?" मले हसू आलं. म्हटलं, भाऊ, मी चक्कीवाला माणूस आहो. ज्या महिन्यात जाळी बसली त्या महिन्यात जो जो दळायले आला त्याले मी सांगितलं आहे, अन् चक्की चालू ठेवून सांगितलं आहे! पूर्ण प्रताप नगरले माझी जाळी पाठ आहे. उद्या कंपनीचा माणूस गल्लीत आला, नुसतं विचारलं का "रुपराव कुठं राहतात", तं पानठेल्यावालाच म्हणेल, "कोणते, जाळीवाले का?" ... लपवायचं कसं?

तं ते राहिलं. मंग अमोलनं काय केलं, तिकडे बसल्या बसल्या माझा नंबर कुठं तं इंटरनेटवर टाकला. अन् तुम्हाले सांगतो, फोन सुरू झाले! सकाळी फोन, दुपारी फोन, जेवताना फोन. विमा घेता का, कर्ज घेता का, मिहानच्या पुढं प्लॉट घेता का, एकानं तं जिममधी येता का म्हणून विचारलं. लोक वैतागतात अशा फोनले, मले माहीत आहे. मी नाही वैतागत. मी सगळ्यायसंग बोलतो. प्लॉटवाल्याले म्हटलं, "कुठून बोलून राहिला बेटा? जेवला का? लग्न झालं का?" ... तं त्यानंच फोन कापला! म्हणजे पहा, तुम्हाले असे फोन येतात तं तुम्ही कापता. माझ्या घरी आलेला फोन ते कापतात!

एक कापत नव्हती. वैभवी तिचं नाव, पुण्यातून बोले, विमा कंपनीची. बोलणं असं का मुसळधार, श्वास कुठं घेते समजत नाही. "नमस्कार काका मी वैभवी बोलते तुमच्याशी दोन मिनिटं बोलू शकते का काका?" मी म्हटलं, दोन कायले, दुपारभर बोल! अन् काय काय विचारे ते पोरगी! "काका, झोप लागते का? चालताना दम लागतो का? पाय सुजतात का? भूक कशी आहे? वजन कमी झालंय का एवढ्यात?" तुम्हाले खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मले सांगा, गोपिका गेल्यावर कोणी विचारलं मले, पाय सुजतात का म्हणून? मी सगळं सांगितलं. डावा जास्त सुजते, उजवा कमी, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. जितकं सांगितलं तितका तिकडे प्रीमियम वाढून राहिला होता, ते मले मागून समजलं. पण विचारलं कोणी तं आखडता हात कसा घेता?

मंग म्हणते, "आणि काकूंचं नाव काय?" मी म्हटलं, गोपिका. "दोघांची एकत्र घेतली तर परवडेल काका. काकूंना शुगर?" नाही. "बीपी?" नाही. "थायरॉइड, दमा, कधी ऑपरेशन?" नाही, नाही, नाही बेटा. "तंबाखू?" छे, सुपारीही नाही खाल्ली तिनं. मी मधात सांगायले जाओ, "पण बेटा, ते..." तं तिचा पुढचा प्रश्न तयार! मुसळधार पावसात छत्री उघडायले फुरसत भेटते का? अन् दुसरं म्हणजे... कसं सांगू... गोपिकाबद्दल आता कोणी विचारत नाही ना. घरी येणारा तिच्या फोटोकडे पाहते अन् गोष्ट बदलते. ही पोरगी विचारून राहिली होती. झोप चांगली लागायची का? हाव, पडल्याबरोबर. चष्मा? फक्त सुईत दोरा ओवताना. मले बरं वाटून राहिलं होतं. मी म्हटलं, विचारू दे थोडं.

तं ते आनंदानं ओरडलीच! "काका, काकूंचं तर एकदम क्लिअर आहे! काकूंची पॉलिसी मी आत्ता करून देते, मेडिकलसुद्धा नको! तुमचंच तेवढं अडतंय!"

आता काय म्हणता? जे गेली तिले विमा हजर, अन् जो मागं राहिला त्याचं अडते! आयुष्यभर तेच झालं, राशनच्या लायनीत लावा, देवळात लावा, गोपिका पुढं अन् मी मागं. मंग मात्र मी म्हटलं, "वैभवी बेटा, थांब. ते तं वारली."

मुसळधार पाऊस एकदम थांबला. मंग हळूच, "काका... मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"अवं, तू शुगर विचारली, बीपी विचारलं, सुपारी विचारली. जिवंत आहे का, हे विचारलंच नाही ना."

"सॉरी काका," म्हणते, "मी काकूंचं नाव काढते हं यातून."

मी म्हटलं, "काढलंच पाहिजे का? राहू दे ना. कोणाले काय त्रास आहे तिचा?"

"काका, मग काकूंचाही प्रीमियम लागेल."

टक् असा आवाज आला तिकडून. कंपुटरवर बोटाचा. गेलं गोपिकाचं नाव. एवढंच.

बरं. तं पुढं मेडिकल. रिकाम्या पोटी रक्त घ्यायचं, माणूस घरी येईल. सकाळी आला. विक्की म्हणून, कामठीहून आला होता, चाळिशीचा गडी, बॅग पाठीवर, तोंड सुकलेलं. मी विचारलं, "नाश्ता केला का?" म्हणे, "कुठं काका, पहाटे निघालो, पाच-सहा घरं करायची आहेत." त्यानं पहिले छातीले ते वायर चिपकवून ईसीजीची पट्टी काढली, मंग म्हणे थोडा आराम करा, रक्त घेतो. आता माणूस घरात आला, उपाशी आहे, अन् मी आराम करू? मी उठलो, पोहे भिजवून ठेवलेच होते...

कायले भिजवले म्हणता? माणूस येणार होता ना घरी!

पोहे फोडणीले टाकले, वर घ्यायची तर्री गरम केली, प्लेट त्याच्यापुढं ठेवली. तो म्हणे, "तुम्ही?" मी म्हटलं, "मले मनाई आहे, तूच केली, तू घे." तो म्हणे, "नाही काका, म्हाताऱ्या माणसाले उपाशी बसवून मी एकटा खाऊ? आमच्याकडे तसं चालत नाही." मी म्हटलं, "आमच्याकडेही पाहुण्याले एकटं खाऊ देत नाही, पण आज इलाज नाही." तो म्हणे, "मंग राहू द्या." प्लेट सरकवली. मी सरकवली. त्यानं सरकवली. तर्री थंडी होऊन राहिली! शेवटी मी म्हटलं, "बरं, दोन घास घेतो तुझ्या मनासाठी." दुसरी प्लेट काढली. फडताळात खाली गेली होती ते, पुसा लागली. अन् दोन घासाचे काय झाले, तो कामठीच्या गोष्टी सांगू लागला, बायकोचं माहेर भंडाऱ्याचं, सासरा तापट, अन् मी आयकत आयकत पूर्ण प्लेट खाल्ली, वरून त्यानं मले वाढली! लिंबू पिळून! मंग हात धुतले, रुमालानं पुसले, बॅगेतून सुई काढली... अन् दोघंही एकामेकाकडे पाहून राहिलो.

"काका... फास्टिंग!"

एकाच्या घरची पद्धत असती तं निभावलं असतं, दोघांच्याही घरची निघाली!

तो डोकं धरून बसला. म्हणे, "आता असं करतो, आज पेशंट घरी भेटला नाही म्हणून कळवतो, उद्या परत येतो." मी म्हटलं, भाऊ, बाकी काहीही कळव, पण हे कोण खरं मानेल? मी कधी घरी नसतो गा! पण मानलं त्यायनं. दुसऱ्या दिवशी विक्की आला ते तोंडाले रुमाल बांधूनच. उंबरठ्यातूनच ओरडला, "काका, आज पाणीही नको!" रक्त घेतलं अन् पळाला. पोहे मी त्या दिवशीही भिजवले होते. एकट्यानं खाल्ले.

इकडे अमोलचा रोज फोन. तुम्हाले सांगतो, रोज! "बाबा, रिपोर्ट आला का? वैभवीचा फोन आला का? काय म्हणाली? तुम्ही जास्त तं नाही ना बोलले?" सूनबाईही बोले. कधी बापलेक इतके बोललो नाही आम्ही. तो शाळेत होता तेव्हाही मी चक्कीवर, तो अभ्यासात. आता एकदम रोज, अन् विषय कोणता, माझी शुगर! मी मनात म्हणो, शाबास शुगर.

अन् निघाली पॉलिसी! वैभवी म्हणे, "अभिनंदन काका!" मी म्हटलं, वाचून दाखव बेटा, मले वाचता येत नाही. तं त्यात असं का डेंगू झाला तं पैसे भेटतील, हाड मोडलं तं भेटतील, साप चावला तं भेटतील. "अन् शुगर?" तीन वर्षं नाही. "अन् हृदय?" तीन वर्षं नाही. "अन् खोकला?" "काका, तोही त्यातच धरलाय." म्हणजे जे जे माझ्याजवळ आहे ते सोडून जगातल्या साऱ्या बिमाऱ्यांचा माझा विमा आहे! आता मी साप शोधत फिरू का प्रताप नगरात? मी तिलेही तेच म्हटलं, बिमारी नसती तं मी विमा कायले मांगला असता? ते हसली. पहिल्यांदाच थांबून हसली. म्हणे, "काका, तीन वर्षं तब्येत सांभाळा, मग सगळं मिळेल." म्हणजे तीन वर्षं मले बिमार पडाले मनाई आहे. हरकत नाही. तेवढं तं मी थांबू शकतो. मी जन्मभर लोकायचं दळण होईपर्यंत थांबलो आहो.

अमोलले सांगितलं तं त्यानं इतका मोठा श्वास सोडला का मले हैदराबादची हवा लागली कानाले. "सुटलो बाबा! आता टेन्शन नाही. आता राहा तिकडेच, बिनधास्त."

राहिलो. जिंकलो ना मी! घर आपलं, गल्ली आपली, लिफ्ट नाही. दुसऱ्या दिवशी फोनची वाट पाहिली, नाही आला. म्हटलं कामात असेल. मंग अमोल म्हणे, "बाबा, रविवारी निवांत बोलत जाऊ." मंग रविवारी मोबाइलवर एक अंगठा आला. मले वाचता येत नाही म्हणून तो अंगठा पाठवते. मी जन्मभर कागदावर अंगठा उठवला, अन् पोराले शिकवलं का त्यानं अंगठा उठवू नये! मीही उलट एक अंगठा पाठवला. बरं आहे, तोही मजेत, मीही मजेत. वैभवीचाही फोन नाही. तिचं काय चुकलं, तिचं काम झालं. शेवटी सांगून गेली, "काही लागलं तर टोल फ्री नंबरवर करा काका."

तं केला मी. परवा दुपारी. म्हटलं पाहू, लागते का. तं लागला! अन् एक बाई, काय गोड आवाज, काय शांत, वैभवीसारखी धावत नाही, म्हणते, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." थोडी पेटी वाजली. मंग परत तेच. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." न कंटाळता! मलेही माहीत आहे ते मशीन आहे, मी काही येडा नाही. पण असं म्हणून तं राहिली ना कोणी! मी पलंगावर पाय वर घेऊन बसलो, फोन उशीवर ठेवला, मस्त दुपार गेली. मधातच एक पोरगा टपकला लायनीवर, "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकतो?" मी म्हटलं, "काही नाही बेटा, तू तुझं काम कर. मले त्या बाईलेच दे परत."

आता रोज लावतो. ते म्हणते, "कृपया लाइनवर राहा."

राहतो ना बाई. मले कुठं जायचं आहे!